इंजिन आहे तोवर

जीपमामा तसा बोलायला कंजूष माणूस. पण एक वाक्य मात्र तो वीस वर्षं सढळ हाताने वाटत आला होता, आणि त्याच वाक्याने शेवटी त्याचा गळा धरला. वस्तीतल्या कुणी विचारलं, "मामा, अजून किती दिवस चालवणार ही गाडी?" की तो बोनेटवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "इंजिन आहे तोवर मी आहे." लोक हसायचे, तोही हसायचा. यात हसण्यासारखं नेमकं काय आहे, हे कुणी कधी तपासून पाहिलं नाही.

वस्ती पठारावर, चाळीस-पंचेचाळीस घरांची. खाली डांबरी सडक, तिथे बस थांबते. या दोहोंच्या मध्ये अकरा किलोमीटरचा जो काही प्रकार आहे, त्याला कागदोपत्री रस्ता म्हणतात. दगड, चर, दोन ओढे आणि सात वळणं. वळणंही अशी की पहिल्यांदा बसलेला माणूस तिसऱ्या वळणाला डोळे मिटतो आणि सातवं गेल्याशिवाय उघडत नाही. या रस्त्यावर चालणारी गाडी एकच, आणि ती चालवणारा माणूसही एकच. दवाखान्याच्या सिस्टरच्या लसी, शाळेची पुस्तकं, गॅसची सिलिंडरं, अडलेल्या बायका, रुसून निघालेले जावई, सगळं मामाच्याच मागच्या बाकांवरून वरखाली व्हायचं. त्याच्याहून वीस वर्षांनी मोठे म्हातारेही त्याला मामाच म्हणायचे. त्यामुळे त्याची बायको आपोआप मामी झाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिला तशा फारशा गोष्टी कुणी विचारल्याच नव्हत्या. लग्न होऊन ती याच जीपमधून वर आली, तेव्हा तिसऱ्या वळणावर मामाने तिला स्टिअरिंग न सोडता सांगितलं होतं, "दोन वर्षं. दोन वर्षं काढू इथे, मग खाली घर बघू." त्या दोन वर्षांची एकतीस झाली. मुलगी झाली, ती सहा वर्षांची झाल्यावर शाळेसाठी खाली आत्याकडे गेली आणि तिथेच मोठी झाली. मामी दर रविवारी जीपने खाली जाऊन आपल्या लेकीला भेटायची, पाहुण्यासारखी, डबा हातात घेऊन. लेकीचे दात कधी पडले आणि कधी आले, तिला केस विंचरायला कुणी शिकवलं, यातलं मामीला काही ठाऊक नव्हतं. हे ती कधी बोलून दाखवायची नाही. पण जीप दारात उभी राहिली की तिच्याकडे अशी बघायची, जशी एखादी बाई सवतीकडे बघते.

आता त्या लेकीला तीन वर्षांची मुलगी होती, आणि लेकीला नोकरी लागली होती. येत्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. तिचा फोन आला. वस्तीत फोन लागायचा तो फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, म्हणून दोघेही टाकीवर उभे राहून एकाच फोनला कान लावून ऐकत होते.

"आई, खालच्या दोन खोल्या रिकाम्या केल्यात. तुम्ही दोघं याच. नाहीतर हिला मला पाळणाघरात ठेवावं लागेल. आणि बाबा, तुम्ही काय आयुष्यभर त्या दगडांवरच आपटत राहणार का?"

मामाची कंबर त्याच वेळी ठणकत होती. त्यामुळे हा प्रश्न त्याला अगदी बरोबर जागी लागला. खरं सांगायचं तर त्यालाही जायचंच होतं. त्याची एक इच्छा होती, आणि ती इतकी साधी होती की सांगायची लाज वाटावी. त्याला बसमध्ये खिडकीशी बसायचं होतं. गाडी दुसराच कुणीतरी चालवतोय आणि आपण बाहेर बघतोय, बस्स. एकतीस वर्षांत त्याने या डोंगरात बघितलं होतं ते फक्त पुढच्या चाकांच्या समोरचं दहा फूट.

आणि योगायोग असा की जीपही मान टाकायच्या बेतात होती. सुरू व्हायला कुरकुर, मग पांढरा धूर, मग निळा धूर, आणि डिझेलच्या जोडीला इंजिन ऑइलही प्यायची नवी सवय. आतल्या पिस्टनच्या रिंगा झिजून दाब उरला नव्हता. म्हातारा माणूस जिना चढताना मध्येच उभा राहतो, तशी गाडी वळणावळणाला उभी राहायला लागली. त्याच महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, मागे सात माणसं, दोन सिलिंडरं आणि शाळेचा नवा फळा असताना, इंजिन सातव्या वळणावर एकदा खोकलं आणि थांबलं ते थांबलंच. वस्ती हाकेच्या अंतरावर होती. तीस जणांनी दोर लावून, धक्के मारून जीप मामाच्या दारातल्या पत्र्याच्या शेडखाली आणून उभी केली.

मामाने बोनेट उघडलं, दोन पाने फिरवले, आणि मामीकडे बघून म्हणाला, "आटोपलं हे."

मामीने त्याच दुपारी माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली. ट्रंक भरून ओसरीवर येऊन बसली, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात दोन माणसं एकमेकांकडे बघून उगाचच हसली.

आता फक्त वस्तीला सांगायचं उरलं होतं. मामा रोज सकाळी ठरवून चौकात जायचा. "आज सांगून टाकतो," असं मामीला म्हणून जायचा. तिथे कट्ट्यावर बसायचा, लोक समोरून जाताना थांबायचे, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. कुणी चहा आणून द्यायचं. त्या चहाच्या वाफेत त्याचे शब्द विरघळून जायचे. आपण निघालोय, कायमचे, तुमचं तुम्ही बघा, हे चहा पिता पिता कसं म्हणायचं? सहा दिवस तो नुसता बसून परत आला. तोंड उतरलेलं, नजर जमिनीवर.

आणि वस्तीने या बसण्याचा आपल्याला जमेल तसा अर्थ लावला. मामा गाडीच्या दुःखाने खचलाय, असं ठरलं. शाळेच्या मास्तरांनी तर सांगितलं की एवढा मुका झालेला माणूस त्यांनी त्यांचे वडील गेले तेव्हाही पाहिला नव्हता. मग काय, सगळ्यांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. सातव्या दिवशी बारा माणसं डोंगर उतरून गेली. सडकेपलीकडे बंद पडलेल्या खाणीवर एक जुनी जीप उलटून पडलेली होती, तिची पुढची चाकं आणि छप्पर चेपलं होतं, पण इंजिन शाबूत होतं. खाणीच्या रखवालदाराने सांगितलं, घेऊन जा बाबांनो, माझी तेवढीच जागा रिकामी होईल.

मामा शेडमध्ये खोक्यावर बसला होता तेव्हा खालून आरडाओरडा ऐकू आला. बाहेर येऊन बघतो तर काय, दोन जाडजूड वासे, त्यांना दोरखंडाने बांधलेलं डिझेल इंजिन, आणि वाशांखाली घामाने निथळणारी माणसं. दीड दिवस लागला होता. अकरा किलोमीटर, खांदे बदलत बदलत. ओढ्यात एकाचा पाय मुरगळला होता, तो मागून काठी टेकत आला. त्यांनी ते ओझं मामाच्या पुढ्यात उतरवलं आणि सगळे मिळून त्याच्याकडे असे बघायला लागले, जसं लहान मूल चित्र दाखवून बघतं.

मास्तर पुढे झाले. त्यांचा शर्टही खांद्यावर फाटला होता. "मामा," ते म्हणाले, "तुम्ही म्हणायचात ना, इंजिन आहे तोवर तुम्ही आहात? घ्या. आणलं."

मामाने हसायचा प्रयत्न केला, आणि त्याचे डोळे भरून आले. लोकांना वाटलं आनंदाने. काही बायकांनीही पदर डोळ्यांना लावला. स्वयंपाकघराच्या खिडकीत मामी उभी होती, तिने मात्र लावला नाही.

काय करायचं हे न सुचून मामा खाली वाकला आणि इंजिनाचं पोट बघायला लागला. आणि एका नजरेत त्याच्या ध्यानात आलं. इंजिनाच्या बुडाशी तेल साठवायचं चेंबर असतं, लोखंडी परातीसारखं. त्याचा एक भाग उथळ आणि एक खोल. जुन्या इंजिनाचा खोल भाग मागे होता. या इंजिनाचा पुढे होता. आणि मामाच्या जीपमध्ये बरोबर त्याच जागी पुढच्या चाकांना फिरवणारा एक्सल आडवा जातो, त्यावर फुटबॉलएवढा लोखंडी गोळा. दोन वस्तू एका जागेत मावत नाहीत. इंजिन बसणं शक्य नव्हतं.

"बसणार नाही," मामा म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला होता, लपवूनही लपेना. खिडकीत मामीने कपाळावरचे केस मागे सारले.

"बसणार नाही म्हणजे?" मास्तर म्हणाले. "मामा, खांद्यांची सालं निघाली आमची."

"तसं नाही मास्तर, माझी काय ना आहे का. ते चेंबर आडवं येतंय."

"कुठे आडवं येतंय?"

बारा माणसं समोर उभी. पाय मुरगळलेला जमिनीवरच बसलेला. त्यांचा गैरसमज होऊ नये, आपण टाळतोय असं त्यांना वाटू नये, म्हणून मामाने मास्तरांच्या खिशातला खडू काढून घेतला आणि शेडच्या फरशीवर चित्र काढायला बसला. आणि इथेच त्याचं चुकलं. शहाण्याने 'बसणार नाही' एवढं बोलून हात धुवावेत आणि घरात जावं. पण मामा एकदा गाडीबद्दल बोलायला लागला की त्याला थांबवत नाही. त्याने एक्सल काढला, गोळा काढला, चेंबर काढलं. "हे बघा, हा गोळा इथे येतो. चेंबर इथे. दोघांची टक्कर. आता समजा हे चेंबर इथून कापलं, फिरवून खोल भाग मागे जोडला, आतली तेल ओढायची नळी तेवढीच लांब केली, की..."

तो थांबला. खडू फरशीवर टेकलेला तसाच राहिला.

"की?" दवाखान्याच्या सिस्टरने विचारलं. ती गर्दीत मागे उभी होती.

मामाने इकडे तिकडे बघितलं. पण सुटका कुठेच दिसेना. चित्र पूर्ण झालं होतं आणि ते इतकं बरोबर होतं की लहान पोरालाही कळलं असतं.

"की बसेल," तो म्हणाला.

जो जल्लोष झाला, त्यात खिडकी लावल्याचा आवाज फक्त मामालाच ऐकू आला.

जेवताना मामी पाण्याचा तांब्या पुढे सरकवत म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं होतं का, कसं बसेल म्हणून?"

"नाही."

"मग?"

"खडू हातात होता," मामा म्हणाला.

मामीला हसू आलं, आणि हसता हसता तिने ताट सारून दिलं. तिचं जेवण तेवढ्यावरच राहिलं.

पुढचे पंधरा दिवस ते घर घर राहिलं नाही. जुनं इंजिन निघालं आणि अंगणात आडवं झालं. नवं इंजिन शेडच्या तुळईला चेनकप्पीवर टांगलं गेलं, ते नेमकं घराच्या दारासमोर. घरातून बाहेर पडायचं तर अंग चोरून, मान वाकवून त्याच्या कडेने निघायचं. मामी पाण्याची घागर घेऊन दिवसातून चारदा तशी निघायची. एकदा खांदा घासून पदराला काळा डाग पडला, तो तिने धुतला नाही, तसाच ठेवला. ओसरीवरच्या ट्रंकेचं मामाच्या नकळत टेबल झालं होतं. तिच्यावर नटबोल्टांचे डबे, पाने, फडकी, डिझेलने भरलेली थाळी. मामी रोज ते सगळं उचलून खाली ठेवायची. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर चढलेलं असायचं.

येणाराजाणारा डोकावून जायचा. "काय मामा, कुठवर आलं?" कुणी हात लावू का म्हणून विचारायचं, कुणी फुकटचे सल्ले द्यायचं. टेलरने तर बसायच्या गाद्या नव्या शिवून आणल्या, आणि मापं न घेता शिवल्यामुळे त्या दोन बोटं मोठ्या झाल्या. मामा त्या कोंबून बसवत होता आणि त्याला वाटत होतं, आपल्यालाही या गाडीत असंच कोंबलंय.

पण खोटं कशाला सांगायचं, काम करताना त्याचे हात खूश असायचे. चेंबर काढून इंजिन एकदा मापाला गाडीत उतरवलं, फाउंडेशनचे रबर जुळले, गिअरबॉक्सची भोकं एकावर एक बरोबर आली, तेव्हा त्याने नकळत शीळ वाजवली. घरातून मामीने खोकल्यासारखं केलं आणि शीळ थांबली.

चेंबर कापून जोडण्यासाठी वेल्डरकडे जायला हवं होतं. वेल्डर खाली, सडकेवर. मामाने चेंबर गोणपाटात बांधून पाठीला लावलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो आपल्या रस्त्याने चालत उतरला. रस्ता त्याला ओळखूच येईना. पाचव्या वळणाला झरा होता, तो त्याने कधी पाहिला नव्हता. तिसऱ्या वळणावरून खाली सगळं खोरं दिसायचं, शेतं, कौलारू घरं, लांबवर सडकेवरची बस काडेपेटीएवढी. तो तिथे बराच वेळ उभा राहिला.

वेल्डर हा मामाचा जुना दोस्त, गॉगल डोळ्यांवर आणि विडी कानावर. त्याने चेंबर कापलं, फिरवलं, जोडलं, पाणी भरून गळतंय का ते बघितलं. "आणि ही घे," तो म्हणाला, "तेल ओढायची लांब नळीही मी बनवून ठेवलीय. जुनीच्या जागी ही लावायची. दोन तर बोल्ट. नाहीतर चढाला इंजिन कोरडं पडेल, तुला सांगायला नकोच."

"नकोच," मामा म्हणाला.

परत निघताना तो थांब्यापाशी क्षणभर पाठ टेकायला बसला, तर बस आली. तिच्या डाव्या अंगाला खिडकीजवळची जागा रिकामी होती. कंडक्टरने दार उघडून विचारलं, "चढताय का काका?" पाठीवर चेंबर, हातात नळी. लेकीचं गाव तिथून दीड तासावर. मामा उठून उभा राहिला, एक पाऊल पुढेही गेला.

"काका, लवकर. चढताय का नाही?"

"नाही," तो म्हणाला. बस गेली. मग त्याने अकरा किलोमीटर चढायला सुरुवात केली. त्याला स्वतःचाच इतका राग आला होता की तो सातव्या वळणापर्यंत कुठे थांबलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलरच्या सुनेला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं, सिस्टरने हात टेकले, खाली न्यायलाच हवं म्हणाली. सुनेला खुर्चीला बांधून चौघांनी उचललं. खुर्ची मामाच्या शेडसमोरूनच गेली. कुणी थांबलं नाही. फक्त सिस्टर पाठीवर पिशवी सावरत मागून पळत होती. तिने जाता जाता वळून जीपकडे बघितलं, मामाकडे नाही.

सहा वर्षांपूर्वी हीच सिस्टर नवी आली तेव्हा म्हणाली होती, "मामा, मला शिकवा ना ही गाडी." तेव्हा मामा म्हणाला होता, "सिस्टर, तुम्ही सुया टोचा, चाकं माझ्याकडे राहू द्या." चौकात मोठा हशा पिकला होता. त्याआधी मास्तरांनी विचारलं होतं, त्याआधी टेलरच्या मुलाने. मामाने कुणालाच स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. या रस्त्यावर आपल्याशिवाय कुणाचं चालत नाही, याची त्याला मनातून गोडी होती. ती गोडी आता अशी अंगाशी आली होती.

दुपारी निरोप आला, बाई सुखरूप, बाळ सुखरूप. पण खुर्ची खाली पोचायला चार तास लागले होते.

मामा निरोप ऐकून शेडमध्ये गेला. टांगलेल्या इंजिनाला चेंबर बसवून ते गाडीत सोडायचं तेवढं राहिलं होतं. चेंबर एकदा बसलं की आतलं काही दिसत नाही. त्याने ट्रंकेवर दोन्ही नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, एक आखूड, एक लांब, आणि त्यांच्याकडे बघत बसला. मामी घागर घेऊन आत येत होती. तिने बघितलं, घागर खाली ठेवली.

"या दोन का?"

"ही मूळची. ही वेल्डरने केलेली."

"फरक काय?"

"लांब नळी मागे पोचते, तेलात. आखूड पुढेच राहते. सपाटीला दोन्ही चालतात."

"आणि चढाला?"

मामा म्हणाला, "चढाला तेल मागे जाणार. आखूड नळी नुसती हवा ओढत बसणार. महिनाभर कदाचित काही होणार नाही. मग एक दिवस इंजिन जाम."

"कायमचं?"

"कायमचं."

मामी ट्रंकेच्या कडेला टेकली. एकतीस वर्षं या माणसाच्या तोंडून तिने इंजिनाशिवाय दुसरं फारसं ऐकलं नव्हतं, त्यामुळे तिला आणखी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने आखूड नळी हातात घेतली. हलकी होती. आतून तेलाचा वास येत होता.

"कुणाला कळेल?" तिने विचारलं.

"कुणाला नाही."

"महिनाभर तुम्ही चालवाल. मग ते आपोआप जाईल. मग काय करणार, जुनंच इंजिन होतं, लोक म्हणतील."

"हो."

"म्हणजे तुम्ही हा विचार केलाय."

"वेल्डरकडून निघाल्यापासून दुसरं काही डोक्यातच नाही," मामा म्हणाला. त्याचा हात दोन्ही नळ्यांपासून तेवढ्याच अंतरावर होता. "मला नको आहे गं हे. मला लाज वाटते सांगायला, पण मला या गाडीचा, या रस्त्याचा, या मामा मामा करण्याचा कंटाळा आलाय. मला यायचंय तुझ्याबरोबर."

एवढं तो कधीच बोलला नव्हता. मामीला वाटलं, हे वीस वर्षांपूर्वी बोलला असतात तर. ती नळीकडे बघत राहिली.

"जाम होईल तेव्हा कुठल्या वळणावर होईल?"

"चढ जिथे जास्त तिथे. चौथं नाहीतर सहावं."

"आणि मागे कोण असेल?"

मामाने हाताचं तेल फडक्याला पुसलं.

"टेलरची सून बाळ घेऊन परत यायचीय," मामी म्हणाली. मग तिने आखूड नळी खाली ठेवली आणि लांब नळी उचलून त्याच्या हातात दिली. "घ्या. लावा ही. आणि तीस तारखेला मला खाली सोडा."

मामाला आधी समजलंच नाही. "तुला? आणि मी?"

मामी उठली. घागर कमरेवर घेतली. इंजिनाच्या कडेने निघताना तिने मान वाकवली.

"इंजिन आहे तोवर तुम्ही आहात," ती म्हणाली.

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. रागाशी भांडता येतं. मामा नळी हातात घेऊन तसाच बसून राहिला, आणि मग दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून त्याने ती लावली. दोन बोल्ट. ते त्याने दोनदा आवळले.

एकोणतीस तारखेला सकाळी सगळी वस्ती अंगणात जमली. मामाने डिझेलच्या नळीतली हवा काढली, तेलाची पट्टी पुसून पुन्हा बघितली आणि सेल्फ मारला. कुणालाच वाटलं नव्हतं, त्यालाही नाही, पण इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. टेलरने मास्तरांना मिठी मारली. मास्तर भाषण करणार होते ते कुणी ऐकून घेतलं नाही. मामा आत बसून होता, हात स्टिअरिंगवर. इंजिन इतकं सुंदर चाललं होतं की त्याला रडू यायला लागलं, आणि या वेळीही सगळ्यांना वाटलं आनंदाने.

तीस तारखेला मामीची ट्रंक मागे चढली. मुलीकडे जातेय, नातीला सांभाळायला, एवढंच तिने सांगितलं. किती दिवस, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "बघू." मामाने गाडी कधी चालवली नसेल इतकी हळू चालवली. तिसऱ्या वळणावर त्याने ती थांबवली.

"इथून सगळं दिसतं," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं."

"मला माहीत होतं," मामी म्हणाली. "मी दर रविवारी बघायची. तुम्ही पुढे बघत असायचात."

थांब्यावर बस उभीच होती. मामाने ट्रंक चढवून दिली. मामी डाव्या अंगाच्या खिडकीशी बसली. खिडकीतून हात बाहेर काढून तिने त्याच्या गालावरचा काळा डाग अंगठ्याने पुसला आणि म्हणाली, "तेल बघत जा." बस निघाली. तो ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. तोवर मागे जीप भरलीही होती. टेलरची सून, तिच्या मांडीवर गुंडाळलेलं बाळ, टेलर, दोन सिलिंडरं, औषधांचे खोके.

पुढची, मामीची जागा रिकामी होती. तिथे कुणी बसलं नव्हतं. सिस्टर मागच्या बाकावर खोक्यांमध्ये अवघडून बसली होती.

"सिस्टर," मामा म्हणाला, "पुढे या."

ती संकोचत पुढे येऊन बसली. मामाने गाडी वळवली आणि चढ सुरू झाला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तो कान देऊन ऐकत होता. इंजिनात कुठे ठकठक होतेय का, कुठे काही कोरडं वाजतंय का. कुठेच काही वाजत नव्हतं. हे इंजिन नीट सांभाळलं तर आणखी पंधरा वर्षं जाईल, हे त्याला त्या आवाजावरून कळत होतं.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे तो म्हणाला, "माझ्या डाव्या पायाकडे बघत बसा. कधी दाबतो, कधी सोडतो."

सिस्टरने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग पायाकडे. तिने औषधाची पिशवी मांडीवरून खाली ठेवली. दोन गिअर बघून झाल्यावर तिने विचारलं, "मामा, मला नीट यायला किती दिवस लागतील?"

"दोन वर्षं," मामा म्हणाला.

जीप वळणावर आली. डाव्या हाताला सगळं खोरं उघडलं. खाली सडकेवरून बस चालली होती, काडेपेटीएवढी, आणि याच वळणावर आपण हे कुणाला तरी आधी सांगितलंय, हे त्याला आठवलं.